गोळी कमी करायची, पण कागद बघून

जेवणं उरकून, भांडी बाजूला सारून बसला असाल. आज आम्ही दारूबद्दल फार बोलणार नाही. दारू सुटल्यावर दवाखान्यातून घरी येणाऱ्या गोळ्यांच्या पाकिटाबद्दल बोलणार आहोत. दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून आपण मोर्चे काढतो, मतदानाला रांगा लावून आडव्या बाटलीवर शिक्का मारतो. पण माणूस दवाखान्यातून आला की त्या पाकिटाचं काय करायचं, हे आमच्या बैठकीत कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यामुळं आमच्या हातून एक चूक झाली. ती लपवण्यापेक्षा सांगितलेली बरी.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे मालक वीसेक वर्षं रोज पिणारे. ऐन हंगामात त्यांना दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टर म्हणत होते, अजून तीन-चार दिवस राहा. पण शेतात तोड आली म्हणून हे तिसऱ्या दिवशी हट्टानं घरी आले. बरोबर गोळ्या आणि एक कागद. मैत्रीण ते पाकीट घेऊन थेट बैठकीत आली. ही गोळी सवय लावणारी आहे, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. "दारू सुटली न् गोळी चिकटली, तर मिळवलं काय?" असं ती म्हणाली आणि आम्हाला ते पटलं. माणूस चांगला दिसत होता, दोन भाकरी खात होता. आम्ही म्हणालो, नको देऊस.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना झटका आला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला, एक म्हातारी म्हणाली की हे बाहेरचं आहे. १०८ ची गाडी वेळेत आली म्हणून माणूस वाचला. आता ते बरे आहेत. पण 'नको देऊस' म्हणणारे आवाज आमचेच होते.

नंतर आम्ही चौघी डॉक्टरांना भेटायला गेलो. बोलणी खायची तयारी ठेवूनच गेलो होतो, पण त्यांनी बसवून समजावलं. ते आमच्या भाषेत सांगतो. उसानं भरलेली बैलगाडी ओढताना बैल जीव खाऊन पुढं रेटतात. ओझ्याची त्यांना सवय झालेली असते. अशात कुणी मागून गाडी एकदम सोडवली, तर बैल तोंडावर पडतील. रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूचं तसंच असतं. दारू मेंदूला दाबून ठेवते, म्हणून मेंदू जास्त जोर लावून चालायला शिकतो. दारू एकदम थांबली की तो जोर मोकाट सुटतो. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते. झटक्याची भीती पहिल्या दोन दिवसांत जास्त. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दिवस-रात्र कळत नाही. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून रोज पिणाऱ्यानं माळ जरूर घालावी, शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरला दाखवून. ज्याला पूर्वी झटका येऊन गेलाय, त्याची दारू घरच्या घरी सोडवायला जाऊच नये.

दवाखान्यात देतात ती गोळी, बहुतेक वेळा क्लोर्डायझेपॉक्साइड, लोरॅझेपाम किंवा डायझेपाम, मेंदूवर दारूसारखाच थोडा दाब ठेवते. मग तो दाब रोज थोडा थोडा कमी करत नेतात. म्हणजे गाडीतला ऊस मोळी-मोळीनं उतरवायचा. पहिल्यांदा दिवसातून तीन-चार वेळा, मग दोन वेळा, मग फक्त रात्री, मग बंद. दारूच्या उपचारात हे काम बहुधा आठ-दहा दिवसांत संपतं. कुणाला किती आणि किती दिवस, हे त्याचं वय, यकृत, पूर्वीचे आजार बघून डॉक्टर ठरवतात. शेजारणीच्या नवऱ्याचा कागद आपल्या नवऱ्याला चालत नाही.

मैत्रिणीची भीतीही खोटी नव्हती, हे सांगायला हवं. या गोळीची सवय लागते. कागदावरचे दिवस संपले आणि "झोप येत नाही, अजून एक पाकीट आण" असं सुरू झालं, तर एका खड्ड्यातून दुसऱ्यात. म्हणून मधेच तोडायचीही नाही आणि लांबवायचीही नाही.

आता आमच्या गटात एक पद्धत पडली आहे. दवाखान्यातून निघतानाच डॉक्टरांकडून किंवा नर्सताईंकडून तारखेप्रमाणं गोळ्या लिहून घ्यायच्या. घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या त्या तारखेच्या चौकोनात तेवढ्या उभ्या रेघा मारायच्या. गोळी दिली की रेघेवर काट. वाचता न येणारी सासूसुद्धा हे सांभाळते, आणि आमच्या अनुभवात सासवा सुनांपेक्षा कडक असतात! पाकीट डब्यात, डबा बाईच्या ताब्यात. गोळी चालू असेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल नको. आणि मधेच तो पिऊन आला तर पुढची गोळी आपल्या मनानं देऊ नका, आधी दवाखान्यात फोन करा. दारूवर ही गोळी पडली तर श्वास मंदावतो.

झटका आलाच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका आणि १०८ ला फोन करा. चप्पल पायातच राहू द्या.

एक वेगळी गोळी असते, डायसल्फिराम. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. काही बायका ती चहातून, आमटीतून गुपचूप देतात. आम्ही हात जोडून सांगतो, हे करू नका. त्याला माहीत नसताना तो प्यायला तर जीवावर बेतू शकतं. गोळी थांबवल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती फक्त त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांनी सांगितली तरच.

आता आपलं स्वतःचं. बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ताई हळूच म्हणाली, "मी पण घेते की." नवरा पिऊन दंगा करायचा, तेव्हा तिला झोपेसाठी अल्प्राझोलाम दिली होती. नवऱ्याची दारू सुटली, तिची गोळी तीन वर्षं चालूच. ओळखीचा दुकानदार, चिठ्ठी कोण विचारतो? खरं तर या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. १ मार्च २०१४ पासून दुकानदारानं वेगळ्या वहीत नाव लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो, तो बघा.

इतकी वर्षं घेतलेली गोळी आठ-दहा दिवसांत सुटत नाही. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं खास याच गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला. त्यांचं सांगणं हेच, की अगदी सावकाश, पेशंटच्या गतीनं उतरा. आजही साधारण दोन ते चार आठवड्यांनी एक छोटा हिस्सा, बऱ्याचदा चालू डोसाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी, असं उतरवतात. आमच्या ताईला आठ महिने लागले. दर पायरीला दोन-चार रात्री झोप उडायची, चिडचिड व्हायची. ती घाबरून पुन्हा गोळी वाढवायला निघायची. डॉक्टरांनी सांगितलं, जड जात असेल तर त्याच पायरीवर थांबू, घाई नाही. मधे यात्रा आली, पाहुणे आले, तेव्हा ती एक महिना तिथंच थांबली. त्यात कमीपणा काही नाही.

गोळ्या संपल्या म्हणजे उपचार संपले असंही नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणात माणसाला पस्तीस दिवस ठेवतात. शरीर सावरायला त्यातले थोडेच दिवस लागतात, बाकीचे मनासाठी असतात. आपल्याला एवढं लांब जमेलच असं नाही. कोल्हापुरात सीपीआरला मानसोपचार विभाग आहे. व्यसनाबद्दल १४४४६ आणि मनाच्या त्रासाबद्दल टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत, टेलिमानसवर मराठीत बोलता येतं.

घरात असं पाकीट पडून असेल, कुणाचंही असो, तर ते फेकू नका आणि शेजारी देऊही नका. कागदासकट घेऊन पुढच्या बैठकीला या. कागद हरवला असेल तरी या. आमच्यातली एकजण तुमच्याबरोबर दवाखान्यात येईल.