घरचा संगणक, भाग ९ : ओव्हरक्लॉक केलेला संगणक स्थिर कधी मानावा?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. प्रोसेसरचा वेग मूळ क्लॉक आणि गुणक या दोन आकड्यांच्या गुणाकारातून ठरतो. मूळ क्लॉक बहुधा १०० मेगाहर्ट्झचा असतो. बायोसमध्ये गुणक ४२ वरून ४५ केला की ४.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झने चालू लागतो. हा बदल मिनिटभरात होतो. तो पेलला की नाही हे ठरवायला मात्र काही दिवस द्यावे लागतात, कारण विंडोज सुरू झाली एवढ्यावरून संगणक स्थिर आहे असे म्हणता येत नाही.

अस्थिरतेचे मूळ

क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरमधले संकेत पुढचा ठोका पडण्याआधी आपापल्या जागी पोहोचावे लागतात. वेग वाढला की ही मुदत कमी होते. संकेत वेळेत पोहोचावेत म्हणून व्होल्टेज वाढवले जाते आणि तिथेच उष्णतेचा प्रश्न उभा राहतो. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग ४.२ वरून ४.५ आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केले, तर वेग जेमतेम ७ टक्के वाढतो. वीज आणि उष्णता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतात.

चूक झाली की ती दिसतेच असे नाही. संगणक हँग होणे, आपोआप रीस्टार्ट होणे, ब्लू स्क्रीन येणे ही उघड लक्षणे आहेत. त्यापेक्षा घातक असते ती मूक चूक. रॅममधला एखादा बिट बदलतो, फाइल तशीच सेव्ह होते आणि बॅकअपमध्येही बिघडलेलीच प्रत जाते. दुकानाचे हिशेब, प्रबंध, लग्नाचे फोटो ज्या संगणकावर आहेत, तिथे हा धोका सर्वांत आधी विचारात घ्यावा.

चाचण्यांचा क्रम

आधी संगणक मूळ सेटिंगवर तपासावा. त्यातच दोष असेल, तर पुढच्या कुठल्याही निकालाला अर्थ राहत नाही. एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमवर तापमान, व्होल्टेज आणि प्रत्यक्ष वेग पाहून वहीत नोंदवावा. मग एका वेळी एकच बदल करावा.

पहिली चाळणी म्हणून प्रोसेसरवर भार टाकणारा सिनेबेंच हा प्रोग्रॅम अर्धा तास चालवला तरी पुरतो. त्यानंतर प्राइम९५ वापरावा. मोठ्या मूळ संख्या शोधण्याच्या, १९९६ साली सुरू झालेल्या प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम आहे. उत्तर आधीच माहीत असलेली गणिते तो प्रोसेसरकडून पुन्हा पुन्हा करून घेतो. उत्तर चुकले की त्या कोअरवरचे काम थांबवून चूक दाखवतो. त्यामुळे संगणक बंद न पडताही मूक चूक पकडली जाते. इंटेलने २०१६ च्या जानेवारीत स्कायलेक प्रोसेसरांमधला एक दोष मान्य केला, तोही याच प्रोग्रॅमवर उघड झाला होता. यातली ‘स्मॉल एफएफटी’ चाचणी प्रोसेसर तापवते, तर ‘ब्लेंड’ रॅमलाही कामाला लावते.

रॅमसाठी मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून, विंडोज सुरू होण्याआधी चालवावा. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या करता येतात आणि चारही फेऱ्यांत एकही चूक येता कामा नये. रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे बायोसमधून निवडायचे जास्त वेगाचे तयार सेटिंग, हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे. डीडीआर४ रॅमचे प्रमाण व्होल्टेज १.२ असते, एक्सएमपीमध्ये ते बहुधा १.३५ होते. त्यामुळे ‘फक्त एक्सएमपी चालू केले’ म्हणून चाचणी टाळू नये.

पूर्ण भाराखाली टिकलेला संगणक रिकामा असताना किंवा स्लीपमधून उठताना अडखळू शकतो, कारण वेग आणि व्होल्टेज सतत खालीवर होत असतात. म्हणून त्यानंतर आठवडाभर रोजचे काम करावे आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’ या नावाच्या नोंदी पाहाव्यात. त्यातली १९ क्रमांकाची नोंद हार्डवेअरची चूक झाली पण सुधारली गेली, एवढेच सांगते. तरी ती दिसू लागली तर वेग कमी करावा.

सातारा-सांगलीतला उन्हाळा आणि वीज

चिपचे तापमान खोलीच्या तापमानाबरोबर जवळजवळ तितक्याच अंशांनी वर जाते. जानेवारीच्या रात्री खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७८ अंशांपर्यंत गेला, तर मे महिन्यातल्या दुपारी स्लॅबखालच्या ३५ अंशांच्या खोलीत तोच ९३ पर्यंत जाऊ शकतो. सांगली-मिरजेत एप्रिल-मेमध्ये बाहेरचा पारा ३८ ते ४० अंशांना टेकतो. साताऱ्यात तो थोडा कमी असतो. अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश आणि रायझेन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५ अंश आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि चाचणी कमी वेगावर ‘पास’ होते. म्हणून चाचणी चालू असताना वेगाचा आकडाही पाहावा. थंडीत उत्तीर्ण झालेले सेटिंग उन्हाळ्यात भर दुपारी पुन्हा तपासावे.

विजेचाही घोळ होतो. वळवाच्या दिवसांत लाइट क्षणभर जाते, रात्रभर लावलेला संगणक रीस्टार्ट होतो आणि सकाळी ओव्हरक्लॉक फसल्यासारखे वाटते. इव्हेंट व्ह्यूअरमधली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दोन्ही प्रसंगी सारखीच उमटते. चाचणीपुरता तरी यूपीएस लावावा. मात्र ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. ग्राफिक्स कार्डवर भार टाकायचा असेल, तर मोठा लागतो.

किती चाचणी पुरेशी?

कितीही तास चाचणी केली तरी स्थिरता सिद्ध होत नाही. चूक सापडली नाही, एवढेच कळते. म्हणून मुदत कामावर ठरवावी. केवळ गेमसाठीच्या संगणकाला तासभर प्राइम९५ आणि आठवड्याचा वापर पुरेसा आहे. अभ्यास, फोटो, व्हिडिओ एडिटिंगसाठी रात्रभराची ‘ब्लेंड’ चाचणी आणि मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या हव्यात. धंद्याचे हिशेब असतील, तर ओव्हरक्लॉकिंग करूच नये. चाचणीत चूक आली, तर नवशिक्याने व्होल्टेज वाढवू नये. गुणक एकाने उतरवून पुन्हा सुरुवात करावी.

आज टिकलेले सेटिंग कायम टिकेल असेही नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने चिप झिजते. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले अनेक डेस्कटॉप प्रोसेसर ओव्हरक्लॉक न करताही अस्थिर होऊ लागले. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळणे हे त्यामागचे कारण इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरमधल्या अंतर्गत सूचनांच्या) सुधारणा दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेली झीज मात्र सुधारणेने भरून निघत नाही. म्हणून दर उन्हाळ्याच्या तोंडाशी कॅबिनेटमधली धूळ काढून चाचणी पुन्हा घ्यावी.

मे महिन्यातल्या दुपारी, पूर्ण भाराखाली, एकही चूक न करता जो वेग टिकतो, तोच त्या संगणकाचा खरा वेग मानावा. त्यावरचे शे-दोनशे मेगाहर्ट्झ खुशाल सोडून द्यावेत. एका बिघडलेल्या फाइलची किंमत त्याहून जास्त असते.