वाट पाहणारा संगणक

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली जमीन पुन्हा पुन्हा हादरू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा ही गावा-पाड्यांची नावे तेव्हा राज्यभर पोहोचली. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला आणि ऐन थंडीत माणसे घराबाहेर, तंबूंत झोपू लागली. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचे राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी या भागात भूकंपमापक बसवले. धक्क्यांच्या बातम्या खूप आल्या. त्या मापकांतून निघणाऱ्या नोंदी संगणकांत कशा साठतात आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना कुठे अडतात, यावर मात्र फारसे लिहिले जात नाही.

आजचा भूकंपमापक जमिनीची हालचाल तीन दिशांनी मोजतो, साधारणपणे सेकंदाला शंभर वेळा. म्हणजे एका स्थानकाची दिवसाची मापे होतात २ कोटी ५९ लाख २० हजार. दाबून साठवली नाहीत, तर त्यांना सुमारे १० कोटी बाइट जागा लागते. धक्क्यापासून आधी प्राथमिक लहर पोहोचते, मागून दुय्यम. दोघींमधले अंतर एका सेकंदाचे असेल, तर धक्का ढोबळमानाने आठ किलोमीटरवर झालेला असतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याची चूक केंद्राला आठशे मीटर हलवते. छोट्या, उथळ धक्क्यांच्या मालिकेत केंद्र या पाड्याखाली की त्या, हे ठरायचे तर प्रत्येक स्थानकाची नोंद हवी, आणि ती अखंड हवी.

या नोंदी वाचणारे संगणक एका जातीचे असतीलच असे नाही. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातून आलेली ‘सायसॅन’ ही भूकंप-विश्लेषणाची प्रणाली सोलारिस, लिनक्स, मॅकओएस अशा अनेक कार्यप्रणालींसाठी बनवली गेली. सोलारिस, लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस हे सगळे युनिक्सच्या कुळातले, पण प्रत्येकाच्या सवयी वेगळ्या. नोंदी एका सर्व्हरवर ठेवायच्या आणि बाकीच्या संगणकांनी त्या आपल्याच डिस्कवर असल्यासारख्या जोडून (म्हणजे ‘माउंट’ करून) उघडायच्या, यासाठी या कुळाकडे एनएफएस ही जुनी, भक्कम व्यवस्था आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये घडवली. सनने एनएफएसचे नियम सर्वांसाठी खुले केले. म्हणूनच ती एका कंपनीपुरती न राहता सगळ्या कुळाची झाली.

एनएफएसच्या जुन्या आवृत्त्यांमागचा विचार मला आजही सुंदर वाटतो. कोणी कोणती फाइल कुठपर्यंत वाचली, हे सर्व्हर लक्षातच ठेवत नाही. मागणारा संगणक दर वेळी पूर्ण मागणी करतो: अमुक फाइल, अमुक ठिकाणापासून, इतके बाइट. पावसाळ्यात वीज गेली, सर्व्हर बंद पडून अर्ध्या तासाने पुन्हा उठला, तरी मागणारा तीच मागणी पुन्हा करतो आणि काम थांबले होते तिथून पुढे सरकते. या रचनेची दुसरी बाजू म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारे ‘हँग’ होणे. उत्तर येईपर्यंत संगणक मागत राहतो. पडद्यावर ‘सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू’ अशा अर्थाची ओळ येते, खिडकी गोठते. २.६.२५ पूर्वीच्या लिनक्स कर्नलवर तर असा अडकलेला प्रोग्राम अनेकदा सक्तीच्या आज्ञेनेही मरत नसे.

वैतागून बरेच जण यावर ‘सॉफ्ट’ माउंटचा उपाय करतात. त्यात काही प्रयत्नांनंतर संगणक हार मानतो आणि प्रोग्रामला चूक झाल्याचे कळवतो. प्रोग्रामने ती चूक नीट हाताळली नाही, तर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. नोंदी लिहिल्या जातात त्या डिस्कवर असे कधीही करू नये, असे माझे ठाम मत आहे. गोठलेली खिडकी निदान दिसते तरी. नोंदीतली गाळलेली मिनिटे महिन्यांनी, केंद्र काढताना समोर येतात, आणि तोवर मूळ नोंद हाती राहिलेली नसते.

तर मग अडते कुठे? १९९० च्या दशकातला एक प्रकार समजून घेण्यासारखा आहे. फ्रीबीएसडी चालवणारा स्वस्त पीसी आणि सन किंवा सिलिकॉन ग्राफिक्सचे वेगवान वर्कस्टेशन एकमेकांना जोडले की माउंट व्यवस्थित होई, फोल्डरची यादी दिसे, आणि एखादी मोठी फाइल वाचताना सर्व्हर एकाएकी मुका होई. सर्व्हर मात्र ठणठणीत असे, इतरांना उत्तरे देत असे. एनएफएस एका वेळी ८१९२ बाइट पाठवत होती. इथरनेटच्या एका पॅकेटात मावतात १५००, म्हणून त्यांचे सहा तुकडे होत. वर्कस्टेशन हे सहाही तुकडे श्वास न घेता सोडी, आणि पीसीमधल्या जुन्या नेटवर्क कार्डाला एवढा वेग झेपत नसे. एखादा तुकडा सांडे. एनएफएस तेव्हा ज्या यूडीपी पद्धतीने पॅकेटे पाठवी, तीत हरवलेला एकच तुकडा परत मागण्याची सोय नाही. घोलवडहून चिकूच्या सहा पेट्या निघाव्यात, वाटेत एक गहाळ व्हावी, आणि व्यापाऱ्याने उरलेल्या पाच टाकून देऊन सहाही नव्याने मागवाव्यात, तसा हा व्यवहार. नव्याने येणारे सहा तुकडेही त्याच वेगाने येत आणि तिथेच सांडत. उपाय एका आकड्याचा होता: वाचण्याचे माप १०२४ बाइटवर आणायचे, म्हणजे सगळे उत्तर एका पॅकेटात मावते. पीसी सर्व्हर असेल, तर हेच लिहिण्याच्या मापाला लावायचे. कार्ड बदलणे त्याहून चांगले.

ती कार्डे गेली, यूडीपीच्या जागी हरवलेला भाग पुन्हा पाठवणारे टीसीपी आले, तरी लक्षण टिकून आहे. आज दोन्ही संगणकांवर ९००० बाइटची मोठी पॅकेटे चालू असतात आणि मधला एखादा स्विच १५०० च्या पुढचे काही न सांगता टाकून देतो. छोट्या मागण्या पार होतात, मोठ्या बुडतात. धक्क्यांच्या मालिकेत हे विशेष फसवे ठरते. सुरुवातीला फोल्डरमध्ये मोजक्या फाइली असतात, तेव्हा यादी झटकन येते. फाइलींची संख्या हजारांत गेली की तीच यादी मोठ्या पॅकेटांतून येऊ पाहते आणि काल चालणारे फोल्डर आज उघडत नाही. तपासायला तुकडे न करण्याची अट घालून पिंग पाठवावे, आधी १४७२ बाइटचे, मग ८९७२ चे. पहिले परत आले आणि दुसरे आले नाही, तर दोष वाटेतल्या मापात आहे.

वाचणे-लिहिणे सुरळीत, पण एखादा विशिष्ट प्रोग्राम उघडताच गोठतो, असे असेल तर फाइलीच्या कुलपाकडे पाहावे. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत कुलूप लावण्याचे काम वेगळी सेवा करते, तिचे पोर्ट बदलते असतात, आणि वाट पाहणाऱ्याला कुलूप मोकळे झाल्याचे कळवायला सर्व्हर स्वतः उलट हाक मारतो. मधल्या फायरवॉलने ती हाक अडवली, तर मागणारा ताटकळत राहतो. चौथ्या आवृत्तीने कुलपांसह सगळे काम २०४९ या एकाच पोर्टवर आणले. शक्य असेल तिथे तीच वापरावी.

दोन नेटवर्क कार्डे असलेला सर्व्हर यूडीपीवर एका पत्त्यावर मागणी घेऊन दुसऱ्या पत्त्यावरून उत्तर देतो, असेही घडते. अनोळखी पत्त्यावरचे उत्तर मागणारा स्वीकारत नाही. फ्रीबीएसडीच्या एनएफएस सर्व्हरला पत्ता नेमून देण्याचा पर्याय यासाठीच आहे. मॅकवरून लिनक्स सर्व्हर जोडताना परवानगी नाकारली जाते तो प्रश्न निराळा, १०२४ च्या वरच्या पोर्टवरून आलेली मागणी सर्व्हर न स्वीकारण्याचा. तिथे निदान स्पष्ट नकार मिळतो.

यातले काहीच लागू पडत नसेल, तर येणारी-जाणारी पॅकेटे टिपणारा टीसीपीडम्प हा प्रोग्राम दोन्ही टोकांना एकाच वेळी चालवावा. एका टोकाची नोंद पुरत नाही. मागणी इकडून निघाली आणि तिकडे पोहोचलीच नाही, तर वाट तपासायची. पोहोचली, पण उत्तर निघाले नाही, तर सर्व्हरची डिस्क पाहायची. बिघडू लागलेली डिस्कही अशीच गप्प बसते. उत्तर निघाले आणि इकडे आले नाही, तर पुन्हा वाट, पण परतीची, आणि ती वेगळ्या केबलने, वेगळ्या स्विचमधून जात असू शकते.