तांब्याच्या तारेला चुंबक चिकटला!

डिशच्या जुन्या केबलचा वीतभर तुकडा घ्या. वरचं काळं प्लास्टिक, आतली जाळी, मग पांढरं फेसासारखं आवरण ब्लेडने सोलून काढलं की मधोमध मिलिमीटरभर जाडीची तांबूस तार लागते. तिच्याजवळ फ्रिजवरचा चुंबक न्या. पुष्कळदा तो टक्कन चिकटतो. तांब्याला तर चुंबक चिकटत नाही! म्हणजे तार आतून पोलादी, वर नुसता तांब्याचा मुलामा. मला पहिल्यांदा वाटलं, दुकानदाराने चुना लावला. तसं नव्हतं.

बॅटरीची डीसी वीज तारेच्या सगळ्या जाडीतून सारखी वाहते. एसीचं तसं नाही. ती सतत दिशा पालटते, त्यामुळे तारेतलं चुंबकीय क्षेत्रही सतत बदलतं आणि तारेच्या आतच भोवऱ्यांसारखे प्रवाह उठवतं. गाभ्यात हे भोवरे मूळ प्रवाहाला विरोध करतात, कडेला त्याला साथ देतात. मग वीज कडेकडेनेच वाहते. होरेस लँब यांनी 1883 मध्ये चेंडूसारख्या गोल वाहकापुरतं हे गणित मांडलं. 1885 मध्ये ते कुठल्याही आकाराच्या वाहकाला लागू केलं ऑलिव्हर हेविसाइड यांनी. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तारयंत्रावर बसलेला हा माणूस!

पृष्ठभागापासून किती आत गेल्यावर प्रवाहाची घनता 37 टक्क्यांवर येते, ती खोली मोजतात. घरच्या 50 हर्ट्झला तांब्यात ती सुमारे 9 मिलिमीटर भरते. घरातली वायर एवढी जाड नसतेच, त्यामुळे वायरमनला याची फिकीर नाही. इंडक्शन शेगडीत 20 हजार हर्ट्झच्या पुढे खोली अर्ध्या मिलिमीटरहून कमी होते. म्हणून तिची कॉइल एका जाड तारेची नसते. लाखेसारखा लेप दिलेल्या बारीक तारा पिळून केलेला तो दोर असतो. डिशच्या केबलमध्ये तर शंभर कोटी हर्ट्झच्या आसपासचा मामला. तिथे खोली उरते 2 मायक्रॉन. मधल्या पोलादाशी सिग्नलचा संबंधच येत नाही.

पण एक मेख आहे. छतावरच्या एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, लागणारी 13 किंवा 18 व्होल्टची वीज त्याच तारेतून जाते, आणि ती डीसी. तिला अख्खी तार लागते, अन् पोलादाचा विरोध तांब्याच्या कितीतरी पट. केबल लांब असली की वर पोचेपर्यंत व्होल्टेज घसरतं. तेव्हा गच्चीवरून चार मजले खाली केबल आणायची असेल, तर दुकानात जाताना खिशात चुंबक असू द्या.