कबड्डीतील पकड आणि पंचांचा निर्णय

कबड्डीमध्ये चढाई करणाऱ्या खेळाडूस मध्यरेषेपर्यंत परत पोहोचू न देता आपल्या अंगणात अडवून धरण्याच्या क्रियेस '''पकड''' असे म्हणतात. यशस्वी पकडीचा बचाव करणाऱ्या संघास एक गुण मिळतो. पकड फसली, तर चढाईपटूशी संपर्क आलेले सर्व बचावपटू बाद होतात. चौघांनी धरलेल्या चढाईपटूच्या बोटाचे टोक जरी मध्यरेषेस लागले, तरी एका क्षणात चार गुण जातात. त्यामुळे पकड ही बळाइतकीच हिशेबाची बाब आहे.

== तंत्र ==
पुरुषांचे क्रीडांगण १३ × १० मीटर असते आणि निदान रेषा मध्यरेषेपासून ३.७५ मीटर अंतरावर असते. कोणती पकड कोठे करावी, हे मुख्यतः या अंतरावर ठरते. घोटा पकड सहसा कोपऱ्यातील खेळाडू करतो. चढाईपटूने पाय पुढे टाकताच तो दोन्ही हातांनी घोटा धरून स्वतःकडे ओढतो. मात्र मागून घोटा धरलेला खेळाडू मध्यरेषेच्या दिशेने कोसळतो, आणि अंतर थोडे असल्यास त्याचा लांबवलेला हात रेषेस पोहोचतो. म्हणून मधल्या खेळाडूंनी त्याच क्षणी पुढून वाट अडवणे आवश्यक असते. एकट्याची घोटा पकड प्रेक्षणीय खरी, पण खोल मैदानातच शहाणपणाची.

मांडी किंवा कंबर धरताना चढाईपटूस जमिनीवरून उचलल्यास त्याच्या पायांचा जोर नाहीसा होतो. दोघांनी हात गुंफून केलेली साखळी पकड भक्कम असते. तथापि चपळ चढाईपटू तिच्याखालून वाकून निसटतो किंवा वरून उडी घेतो.

== झटापट आणि नियम ==
संपर्क होताच झटापट सुरू झाली असे मानतात व दोन्ही बाजूंच्या एक-एक मीटर रुंदीच्या राखीव पट्ट्या क्रीडांगणाचा भाग बनतात. संपर्कापूर्वी त्या पट्टीत पाय पडल्यास खेळाडू बाद होतो. म्हणजे स्पर्श आधी की पाऊल आधी, हे पंचाने पाहिले असले पाहिजे.

रग्बी लीगमध्ये चेंडू घेतलेल्या खेळाडूस पाडल्यानंतर तो उठून पायाने चेंडू मागे सारतो. पाडणारे त्याच्या अंगावर किती वेळ रेंगाळले, हा तेथील पंचापुढील प्रश्न असतो. कबड्डीत पकडणाऱ्याने सोडावयाचे नसते. त्यामुळे येथे प्रश्न उलटा आहे: धरले ते नियमाने धरले काय?

हातपाय व धड याच ठिकाणी धरण्यास परवानगी आहे. केस किंवा कपडे जाणूनबुजून धरणे, तोंड दाबून दम तोडणे, गळा आवळणे, पायांची कात्री घालणे किंवा इजा होईल अशी आडदांड पकड करणे निषिद्ध आहे. अशा वेळी चढाईपटू बाद ठरत नाही.  स्वतः सीमारेषेबाहेर गेलेल्या बचावपटूची पकडही ग्राह्य नसते. गैरवर्तनासाठी हिरवे कार्ड ताकीद देते, पिवळे दोन मिनिटांसाठी बाहेर बसवते व लाल कार्ड सामन्यातून काढते.

निर्णय दोन पंच देतात. मतभेद झाल्यास सरपंचाचा निर्णय अंतिम असतो. साहाय्यक गुणलेखक अंतिम रेषांकडे लक्ष ठेवतात. अंगांच्या ढिगाखालून हात रेषेला लागला की नाही, हे एकाच बाजूने दिसत नाही. दोन पंच दोन बाजूंना उभे असतात ते याचसाठी. दम सुटला काय हे मात्र कानानेच ठरवावे लागते, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात ते सोपे नसते.

== माती आणि मॅट ==
पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील गावांत हा खेळ मातीवर वाढला. २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि आठवड्याच्या आत, १ ऑगस्टला, ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे हा जिल्हा आणि दूरचित्रवाणीवरील मॅटची कबड्डी जवळजवळ एकाच वयाची आहेत. मातीवर फक्कीने आखलेली रेषा चार-दोन झटापटींत पुसट होते, आणि वाद बहुधा तिथेच उद्भवतात. सामना थांबवून रेषा पुन्हा आखून घेणे हे पंचाचे कामच होय. मॅटवरील रेषा पक्की असते, शिवाय मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहून निर्णय तपासता येतो. मॅटवर बूट घातले जातात. मातीत अनवाणी घोटा धरण्याची सवय असलेल्या खेळाडूस बुटावरची पकड नव्याने शिकावी लागते.