टोपणनावाआडची बाळूताई

भाताची रोवणी आटोपली, की आमच्या मूलमध्ये बायकांना दुपारची जरा उसंत मिळते. अशाच एका दुपारी आम्ही चौघीजणी ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचायला बसलो. पहिलीच गोष्ट संपली आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, “बाई, हे तं आपल्याच गल्लीतलं हाय!”

हा कथासंग्रह निघाला १९३३ साली. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्नावाचून राहिलेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे लिहिलेलं. महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! निषेधाच्या सभा झाल्या. ही विभावरी कोण, बाई की पुरुष, यावर तर्क लढवले गेले.

ती होती बाळूताई खरे. जन्म १९०५ चा, बालपण शिरूरचं. वडील खरेमास्तर साधे शिक्षक. पण लोकांच्या बोलण्याला भीक न घालता त्यांनी मुलींना कर्व्यांच्या हिंगण्याला शिकायला पाठवलं. बाळूताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. आता सांगा, मुलींना शिकवणाऱ्या बाईंनी असलं पुस्तक स्वतःच्या नावावर काढलं असतं, तर नोकरी राहिली असती का? म्हणून हे टोपणनाव. विभावरी म्हणजे रात्र!

फ्रान्समध्ये ऑरोर द्युपँ या बाईंनी १८३२ साली ‘जॉर्ज सँड’ हे पुरुषी नाव घेऊन कादंबरी छापली होती. आमच्या बाळूताईंनी नाव बदललं, पण बाईचंच ठेवलं.

१९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ आली. १९३८ मध्ये लेखक विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई झाल्या. सोलापूरला, ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीत त्यांनी नोकरी केली. तिथलं जिणं १९५० च्या ‘बळी’त उतरलं. वडिलांवर त्यांनी ‘खरेमास्तर’ लिहिलं. १९८१ साली मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी मालतीबाई बेडेकर उघडपणे बसल्या होत्या. २००१ साली त्या गेल्या.

त्या दुपारी आमच्यातली एक अगदी गप्प होती. बारा वर्षं तिच्या पगारावर माहेर चाललंय; भावांची लग्नं झाली, हिच्या लग्नाचं नाव कुणी काढत नाही. जाताना तिनं पुस्तक मागून घेतलं. म्हणाली, “आईले वाचून दाखवतो.”

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी एखादी कमावती लेक असेल, तर तिला पगाराचा हिशेब जरूर विचारा; पण एकदा तिच्या मनातलंही विचारा. ते सांगायला तिला टोपणनाव घ्यावं लागू नये.