घरगुती उबवणी-पेटी

कोंबडीनें अंड्यांवर बसावें आणि एकविसाव्या दिवशीं त्यांतून पिलें बाहेर पडावीं, ही गोष्ट खेड्यांतील मनुष्यास इतकी परिचयाची असते कीं, तींत कांहीं नवल आहे असें त्यास वाटत नाहीं. शहरांतील कुटुंबांत मात्र अंडें बाजारांतून येतें आणि थेट स्वयंपाकघरांत जातें. त्याच्या पोटीं एखादा जीव असूं शकतो हें मुलांना पुस्तकांतूनच कळतें. विजेवर चालणाऱ्या लहान उबवणी-पेट्या बाजारांत मिळूं लागल्यापासून दहा-वीस अंडीं घरींच उबवून पाहण्याची हौस शहरांतही दिसूं लागली आहे. सृष्टीचा हा व्यापार मुलांना प्रत्यक्ष दाखवावा हा त्यांतील हेतु चांगलाच आहे. परंतु ही पेटी म्हणजे खेळणें नव्हे. तींत ठेविलेलें प्रत्येक सजीव अंडें हा एका जीवाचा आरंभ असतो, आणि मनुष्याच्या अज्ञानानें किंवा उतावीळपणानें तो पेटींतच संपूं शकतो. म्हणून कोंबडी काय काय करते, आणि त्यांपैकीं पेटीनें व पेटीच्या मालकानें काय काय करावयाचें असतें, हें आधीं नीट समजून घेणें इष्ट होय.

खुडूक झालेली कोंबडी अंडीं घालणें बंद करते, डालग्यांत अंग फुगवून बसते आणि जवळ येणाऱ्यास टोचावयास धांवते. तिच्या पोटावरील पिसें गळून कातडी उघडी पडते. तेथें रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि हीच ऊन कातडी अंड्यांस लागून राहते. दिवसांतून बहुधा एकदां ती चारापाण्यासाठीं थोडा वेळ उठते व पुन्हां येऊन बसते. बसल्या बसल्या चोचीनें अंडीं उलटींसुलटीं करते, कडेचीं मध्यें व मधलीं कडेला सारते. ऊब, ओलावा, मोकळी हवा आणि हालचाल या चार गोष्टी ती अशा रीतीनें कोणी न शिकवितां पुरविते. पण खुडूक कोंबडी कित्येक आठवडे अंडें घालीत नाहीं. त्यामुळें अंड्यांचा धंदा करणारांनीं पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या कोंबड्यांचीच निवड केली, आणि व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींत ही प्रवृत्ति जवळजवळ नाहींशी झाली. पक्षिणी जें काम विसरली तें यंत्राकडे आलें तें असें.

ही युक्ति मात्र विजेच्या युगांतील नव्हे. इजिप्त देशांत शेणखताच्या ढिगांत पुरून अंडीं उबवितात, असें ॲरिस्टॉटल या ग्रीक पंडितानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच लिहून ठेविलें आहे. पुढें त्याच देशांत मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधून, त्यांत गवत व शेण यांचा मंद विस्तव ठेवून हजारों अंडीं एकदम उबविण्याची कला वाढली. तेथील कारागिरांजवळ तापमापक नव्हता. ते अंडें उचलून डोळ्याच्या पापणीस लावीत आणि तेवढ्यावरून ऊब कमी कीं अधिक हें ओळखीत. फ्रान्समधील रोमर या शास्त्रज्ञानें, ज्याच्या नांवानें तापमापकाची एक मोजणी प्रसिद्ध आहे, या भट्ट्यांचा अभ्यास केला व १७४९ सालीं या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पापणीची जागा तापमापकानें घेतली, विस्तवाची जागा विजेनें घेतली; अंड्याची गरज मात्र तीच राहिली.

पहिली गोष्ट अंड्यांच्या निवडीची. दुकानांत मिळणारीं अंडीं बहुधा ज्या कोंबड्यांच्या कळपांत कोंबडाच नसतो त्यांचीं असतात. तीं कितीही उबविलीं तरी त्यांतून पिलूं निघणें शक्य नाहीं. जेथें कोंबडा व कोंबड्या एकत्र राहतात अशा ठिकाणाहून अंडीं आणावीं. तीं मध्यम आकाराचीं, अखंड कवचाचीं व शक्यतों सात दिवसांच्या आंतील असावीं. अंड्यावर नैसर्गिक लेप असतो व तो जंतूंना आंत जाऊं देत नाहीं. म्हणून तीं धुऊं नयेत, मळकीं असल्यास घेऊंच नयेत. उबवणीपूर्वीं तीं निमुळतें टोक खालीं करून १५ ते १८ अंश सेल्सियसच्या सुमारास ठेवावीं. उन्हाळ्यांत आपल्याकडील खोल्या याहून फारच ऊन असतात, आणि सुमारें २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ अर्धवट सुरू होऊन तो दुर्बल होतो. म्हणून वैशाखांतील अंडीं घरांत सांठवून न ठेवितां लवकर पेटींत ठेवणेंच बरें.

आतां उबेचा विचार. ज्या पेटींत हवा खेळविणारा लहान पंखा असतो तींत ३७.५ अंश सेल्सियस, म्हणजे मनुष्याच्या अंगाच्या उष्णतेहून किंचित् अधिक, इतकें तापमान ठेवावें लागतें. पंखा नसलेल्या पेटींत ऊन हवा वर व गार हवा खालीं असे थर पडतात. तेथें अंड्यांच्या वरच्या पातळीशीं सुमारें ३९ अंश असावे, म्हणजे अंड्याच्या मध्यास योग्य ती ऊब मिळते. तापमापक कोठें टांगला आहे याला म्हणूनच फार महत्त्व आहे. पेटीबरोबर येणारा मापक नेहमींच खरें सांगतो असें नाहीं. कोमट पाण्यांत तो आणि घरांतील ताप पाहण्याचा मापक असे दोन्ही एकत्र बुडवून त्यांतील फरक आधीं पाहून घ्यावा. अंडीं ठेवण्यापूर्वीं पेटी निदान एक दिवस रिकामी चालवावी. ती उन्हांत, पंख्याखालीं किंवा चुलीजवळ ठेवूं नये.

ऊब थोडी कमी पडल्यास पिलें उशिरां व अशक्त निघतात. ती तीन-चार अंशांनीं वाढून कांहीं वेळ तशीच राहिल्यास गर्भ मरतो. थोड्या वेळाची थंडी अंड्यास सोसवते, अधिक उष्णता सोसवत नाहीं. कोंबडीही रोज उठतेच. त्यामुळें तासाभरासाठीं वीज गेली तर घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पेटी उघडूं नये. हवेचीं भोकें मोकळीं ठेवून तिच्यावर घोंगडी घालावी, आणि वीज फारच वेळ येत नसल्यास शेजारीं गरम पाण्याच्या बाटल्या ठेवाव्या.

ओलाव्याचें गणित थोडें सूक्ष्म आहे. अंड्याच्या कवचास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून प्राणवायु आंत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचें वजन सुमारें १२ टक्के कमी व्हावें लागतें. ५० ग्रॅमचें अंडें ४४ ग्रॅमवर यावें. तेवढें पाणी गेलें म्हणजे बोथट टोकाशीं असलेली हवेची पोकळी मोठी होते, आणि पिलाला पहिला श्वास त्याच पोकळींतून घ्यावयाचा असतो. पाणी कमी गेलें तर पोकळी लहान राहते. अधिक गेलें तर पिलूं सुकतें. म्हणून या काळांत पेटींतील सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवितात. येथें पुष्कळांची एक चूक होते. पावसाळ्यांत मुंबईची हवा इतकी दमट, मग पाणी ठेवावयास नकोच, असें त्यांस वाटतें. परंतु हवा तापली कीं तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २७ अंशांची व ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापविली तर आर्द्रता सुमारें ४७ टक्केच उरते, म्हणजे थोडेंसें पाणी पुरतें. उलट ३५ अंश व २० टक्के अशी देशावरील चैत्र-वैशाखांतील कोरडी हवा पेटींत शिरल्यावर १७-१८ टक्क्यांवरच येते. तेथें पाण्यावांचून निभाव लागणार नाहीं. पाण्याचें भांडें खोल असण्यापेक्षां पसरट असावें, कारण वाफ पृष्ठभागांतून निघते. स्वयंपाकघरांतील अचूक तराजूवर चार-पांच खुणेचीं अंडीं दर आठवड्यास तोललीं तर आर्द्रता योग्य आहे कीं नाहीं हें त्यांवरूनच कळतें.

अंडीं एकाच कुशीवर राहिलीं तर आंतील नाजूक आवरणें कवचाच्या बाजूस चिकटतात व गर्भाची वाढ खुंटते. ज्या पेटींत फिरविण्याची यांत्रिक सोय नाहीं तेथें अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल अशी पेन्सिलीनें खूण करावी, आणि हात धुऊन, दिवसांतून तीन किंवा पांच वेळां तीं हलक्या हातानें उलटावीं. संख्या विषम ठेविली म्हणजे रात्रीचा लांब काळ एक दिवस एका कुशीवर व दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या कुशीवर जातो.

सातव्या दिवशीं रात्रीं खोलींत अंधार करून अंड्याच्या बोथट टोकाशीं लहान प्रखर दिवा धरावा. सजीव अंड्यांत एक काळा ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या पायांसारख्या फांकलेल्या लाल शिरा दिसतात. ज्यांत कांहींच दिसत नाहीं तें निर्जीव. ज्यांत नुसतें रक्ताचें कडें दिसतें त्यांतील गर्भ मेलेला. अशीं अंडीं काढून टाकावीं, नाहीं तर तीं कुजून फुटतात व इतरांस बाधतात. ॲरिस्टॉटलनें तीन दिवस उबविलेलें अंडें फोडून त्यांत रक्ताच्या ठिपक्यासारखें हलणारें हृदय पाहिलें होतें. दिव्यामुळें आज तोच व्यापार, अंडें न फोडतां व जीव न घेतां, घरांतील मुलांना दाखवितां येतो. चौदाव्या दिवशीं पुन्हां एकदां तपासणी करावी. तेव्हां पोकळी सोडून बाकीचें बहुतेक अंडें काळें दिसतें.

दिवस मोजतांना अंडीं ठेविल्यापासून चोवीस तास झाल्यावर एक दिवस धरावा. अठरा दिवस पुरे झाले म्हणजे अंडीं फिरविणें बंद करावें, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि पेटी बंद करावी. येथून पुढें मालकाचें काम संपतें आणि त्याची परीक्षा सुरू होते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीं पिलूं आंतील पडदा भेदून हवेच्या पोकळींत चोंच घालतें व फुप्फुसानें श्वास घेऊं लागतें. बंद अंड्यांतून बारीक चिवचिव ऐकूं येते. नंतर चोंचीवरील एका टणक उंचवट्यानें तें कवचास पहिलें छिद्र पाडतें. आणि मग बारा तास, कधीं चोवीस तास, कांहींच होत नाहीं.

घरांतील मंडळींचा धीर येथें सुटतो. पिलूं अडकलें, दमलें, त्याला मदत केली पाहिजे, असें सर्वांस वाटूं लागतें. वस्तुतः या वेळीं तें स्वस्थ बसलेलें नसतें. पडद्यांतील शिरांमधून रक्त हळूहळू त्याच्या अंगांत ओढलें जात असतें आणि उरलेला पिवळा बलक पोटांत शिरत असतो. तें काम पुरें होण्यापूर्वीं कोणी दयेनें कवच सोललें तर शिरा तुटून रक्तस्राव होतो आणि पिलूं दगावतें. नुसतें झांकण वारंवार उघडलें तरी ओली हवा निसटून जाते, आंतील पडदा कागदासारखा वाळतो व पिलाला जखडून टाकतो. मग खरोखरच तें अडकतें, आणि बघणारास वाटतें कीं आपला तर्क बरोबर होता. एक पिलूं बाहेर येऊन ओलेंच धडपडत असलें तरी त्याच्यासाठींही पेटी उघडूं नये. पोटांतील बलकावर तें दोन दिवस अन्नपाण्यावांचून सुखानें राहतें. बहुतेक पिलें बाहेर येऊन तीं वाळलीं म्हणजे सर्वांस एकदम काढावें. कांहीं अंडीं फुटणारच नाहींत. कोंबडीखालीं ठेविलेलीं तरी सगळीं कोठें फुटतात?

पिलें निघालीं म्हणजे उबेची गरज संपली असें नाहीं. पहिल्या आठवड्यांत त्यांस सुमारें ३५ अंश व पुढें दर आठवड्यास तीन अंश कमी अशी ऊब लागते. दिव्याखालीं गर्दी करून तीं चिवचिवूं लागलीं तर थंडी वाजते आहे, दूर जाऊन चोंच उघडी टाकून बसलीं तर उकडतें आहे, असें समजावें. पाण्याचें भांडें उथळ असावें व त्यांत खडे टाकावे, म्हणजे पिलें बुडत नाहींत. राणीखेत या रोगाची लस पहिल्या आठवड्यांतच लागते. त्यासाठीं पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिलांच्या अंगावर मनुष्यास अपाय करणारे जंतु असूं शकतात, म्हणून मुलांनीं पिलांस हात लावल्यावर साबणानें हात धुवावे व त्यांचे मुके घेऊं नयेत.

एक प्रश्न मात्र अंडीं आणण्यापूर्वींच सोडवावयास हवा. निघालेल्या पिलांपैकीं सुमारें अर्धे कोंबडे असणार, आणि कांहीं महिन्यांतच ते पहांटे आरवूं लागणार. चाळींतील किंवा गृहसंस्थेंतील शेजाऱ्यांस तें सोसेल काय, तेथील नियमांत बसेल काय, नसेल तर तीं कोणाकडे द्यावयाचीं, हें ज्या घरीं ठरलेलें नाहीं त्या घरीं पेटीस वीज जोडूं नये. गांवाकडे जागा असलेला एखादा आप्त किंवा कोंबड्या पाळणारा शेतकरी हीं पिलें घेण्यास तयार असल्यास त्याच्याशीं आधीं बोलून ठेवावें, आणि अंडींही त्यास झेपतील तेवढींच ठेवावीं.

हें सर्व ज्यानें विचारपूर्वक ठरविलें त्याला पेटी आपला मोबदला देते. एकवीस दिवस रोज ठरलेल्या वेळीं अंडीं उलटणें, पाणी पाहणें, तापमान टिपून ठेवणें हीं कामें मुलांच्या हातीं सोंपवितां येतात, आणि नियमितपणा म्हणजे काय हें त्यांस उपदेशावांचून कळतें. शेवटच्या तीन दिवसांत त्यांस याहून कठीण धडा मिळतो. अडचणींत दिसणाऱ्या जीवाजवळ बसून, हात आवरून, त्याला त्याचें काम करूं द्यावयाचें असतें. खुडूक कोंबडी तेवढा काळ अंड्यांवरून सहसा उठत नाहीं. पेटीच्या मालकानेंही तेवढा काळ झांकणास हात लावूं नये.