संप्रेरकांचे सोंग घेणारी रसायने

अंतःस्रावी ग्रंथी रक्तात जी संप्रेरके सोडतात, त्यांची मात्रा अत्यल्प असते. म्हणूनच त्यांच्याशी साधर्म्य असलेले परके रसायन थोडक्या प्रमाणातही शरीराची फसगत करू शकते. कापड धुण्या-रंगविण्याच्या कामातील काही साबणद्रव्यांपासून सांडपाण्यात नॉनिलफिनॉल तयार होते. ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची नक्कल करते. युरोपीय संघाने २००३ साली त्यावर कडक निर्बंध घातले. यंत्रमागावर संसार चालणाऱ्या आपल्या भिवंडीला हा विषय परका नाही.

धोका सर्वाधिक असतो तो गर्भाला. गर्भपात टळावा म्हणून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेन अमेरिकेत गरोदर स्त्रियांना अनेक वर्षे दिले गेले. त्यांच्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७१ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. औषध घेतले आईने, भोगले लेकीने!

अर्थात, थायरॉईडच्या किंवा वंध्यत्वाच्या प्रत्येक तक्रारीचे खापर रसायनांवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. तपासणी व उपचार यांना पर्याय नाही. तथापि काही गोष्टी घरच्या घरी साधतात. प्लास्टिकमधील काही द्रव्ये उष्णतेने अन्नात उतरतात. तेव्हा कारखान्यावर चहा पिशवीतून न आणता स्टीलच्या किटलीतून आणावा. बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे. रंगखात्यातून आलेले कपडे तान्ह्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि घरात दिवस गेलेली सून असेल तर ते तिला धुवायला देऊ नयेत.